ब्लॅकबर्न ऑलिंपिकने १८८३ चा एफए कप नेमका कशामुळे जिंकला?

सांगलीच्या एका तरुण प्रशिक्षकाने विचारलं आहे: "१८८२-८३ च्या एफए कपमध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणी कामगारांच्या संघाने फायनलआधी समुद्रकिनारी शिबिर घेतलं आणि कप जिंकला, असं वाचलं. खरंच शिबिरामुळे जिंकले का? महिन्याभराने माझा संघ बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतोय. मीही पोरांना आठवडाभर कुठेतरी न्यावं का?"

तुमचा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. कोल्हापुरात मी अठ्ठावीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. इथला फुटबॉल म्हणजे पेठांचा, तालमींचा आणि बहुतेक करून बाद फेरीच्या स्पर्धांचा. एक वाईट दुपार, की अख्खा हंगाम संपला. त्यामुळे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) त्या पहिल्या देशव्यापी बाद स्पर्धेचे, म्हणजे एफए कपचे, सुरुवातीचे हंगाम मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, आणि त्यातला १८८२-८३ चा हंगाम मला सगळ्यांत जवळचा वाटतो. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. शिबिराचा वाटा मोठा होता. पण त्या शिबिरात पोरांना मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट सराव नव्हती. ती होती कामावरून मोकळीक.

आधी समोर कोण होतं ते बघा. एफए कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला तेव्हा फक्त १५ संघ नोंदले गेले होते. पहिली अकरा वर्षं कप लंडनच्या आणि दक्षिण इंग्लंडच्या साहेबी संघांकडेच फिरत राहिला: वाँडरर्स, रॉयल इंजिनिअर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ, ओल्ड इटोनियन्स, क्लॅपहॅम रोव्हर्स, ओल्ड कार्थुजियन्स. यातले बहुतेक बड्या निवासी शाळांचे माजी विद्यार्थी, वकील, लष्करी अधिकारी, बँकर. खेळ त्यांना शाळेतच मिळालेला असायचा आणि शनिवारच काय, मंगळवारसुद्धा मोकळा असायचा. १८८२-८३ च्या हंगामात ८४ संघ उतरले, आणि त्यांत उत्तरेकडचे, लँकेशायरच्या गिरणी गावांतले संघ मोठ्या संख्येने होते. स्पर्धा तीच राहिली होती, पण खेळणारा माणूस बदलत होता.

लँकेशायरची एक जुनी जखम इथे सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय १८८३ समजत नाही. ब्लॅकबर्नपासून सहा-सात किलोमीटरवर डार्वेन नावाचं गिरणी गाव आहे. १८७९ मध्ये डार्वेनचा संघ एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ओल्ड इटोनियन्ससमोर आला. नियमामुळे सामना लंडनला ओव्हलवर. डार्वेन १-५ असा मागे होता आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांनी चार गोल मारले. ५-५. डार्वेनची पोरं म्हणाली, जादा वेळ खेळू. इटोनियन्सनी नकार दिला. मग पुन्हा गावाकडे, पुन्हा वर्गणी, पुन्हा लंडनचा प्रवास. दुसरा सामना २-२. तिसऱ्यांदा परत लंडन, आणि या वेळी डार्वेन २-६ असा हरला. तिन्ही सामने लंडनलाच झाले. पोरं खेळायला कमी पडली नाहीत. पाय प्रवासात आणि गिरणीत झिजले. इटोनियन्सनी पुढे त्या वर्षीचा कपही जिंकला.

तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, ब्लॅकबर्न रोव्हर्स फायनलपर्यंत गेला. हा गावातला मोठा, पैसेवाला संघ. त्या हंगामात सलग ३५ सामने ते हरले नव्हते. तरीही ओव्हलवर ओल्ड इटोनियन्सनी त्यांना १-० हरवलं. सामना संपल्यावर इटोनियन्सचा कप्तान लॉर्ड किनेर्ड पॅव्हेलियनसमोर डोक्यावर उभा राहिला, इतका त्याला आनंद झाला होता. किनेर्ड हा माणूस एकूण नऊ एफए कप फायनल खेळला आणि पाच जिंकला. दाढीवाला, धडधाकट, टॅकलला भयंकर. मला तो मनापासून आवडतो, कारण त्याला खेळाचं वेड होतं आणि ते वेड त्याने आयुष्यभर जपलं. पुढे तेहेतीस वर्षं तो फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष होता.

आता ऑलिंपिक. हा संघ १८७८ मध्ये दोन छोटे संघ एकत्र येऊन झाला. मैदान गावाबाहेर एका टेकाडावर, शेजारच्या दारूच्या गुत्त्याच्या नावावरून ओळखलं जाणारं. रोव्हर्सच्या तुलनेत हा गरीब भाऊ. पण त्यांच्या पाठीशी सिडनी येट्स नावाचा लोखंडाच्या फौंड्रीचा मालक होता. (संघात जॉन येट्स नावाचा खेळाडूही होता, तो वेगळा.) आणि १८८२ मध्ये त्यांच्याकडे शेफिल्डहून जॅक हंटर आला. हंटर इंग्लंडकडून खेळलेला हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. शेफिल्डमध्ये पैसे घेऊन खेळल्याच्या आरोपावरून तिथल्या संघटनेशी त्याचं फाटलं होतं. ब्लॅकबर्नमध्ये तो गुत्ता चालवायचा, संघात खेळायचा आणि संघाला शिकवायचाही. आपण आज 'प्लेअर-कोच' म्हणतो तसा. एका संघाला पद्धतशीर तयार करणारा प्रशिक्षक म्हणून त्या काळात हंटरइतकं ठळक नाव मला दुसरं दिसत नाही.

फायनल खेळलेले अकरा जण कोण होते ते बघा. डेवहर्स्ट, अ‍ॅस्टली आणि जॉन येट्स हे विणकर. कॉस्टली सूतगिरणीत कातकाम करणारा. वॉर्ड कापसाच्या यंत्रावर. गिब्सन फौंड्रीत साचे घालणारा. कप्तान वॉरबर्टन प्लंबर. गोलकीपर हॅकिंग दंतवैद्याचा मदतनीस. मॅथ्यूज चित्रांच्या चौकटी करणारा. विल्सन कारकून. आणि हंटर. आमच्याकडे संघाची यादी लिहिताना कुणी खेळाडूचा धंदा लिहीत नाही, पण प्रशिक्षकाने तो मनात लिहून ठेवावाच. फौंड्रीत उभा राहणाऱ्याची कंबर आणि मागावर उभा राहणाऱ्याची पोटरी वेगळ्या तऱ्हेने थकते.

त्या मागांवरच्या कापडाचा आपल्याशीही संबंध आहे. ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गिरण्या हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणायच्या. मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या विलायती कापडातला मोठा भाग लँकेशायरचा असायचा. १९३१ मध्ये गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ज्या डार्वेनची गोष्ट वर सांगितली, तिथल्या कामगारांना भेटले, ते याच धंद्यामुळे. आणि आज पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा ब्लॅकबर्न रोव्हर्स म्हणजे तोच, १८८२ ची फायनल हरलेला संघ. आमच्या मैदानावरची पोरं २०१० पासून हे नाव ऐकून आहेत. ऑलिंपिकचं नाव त्यांतल्या कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून मी ते सांगत बसतो.

त्या हंगामात ऑलिंपिकची वाट कशी होती? पहिल्या फेरीत अ‍ॅक्रिंग्टनला ६-३. मग डार्वेन परिसरातले दोन संघ मोठ्या फरकाने. मग चर्च संघाला २-०. गावातल्या मोठ्या भावाला, रोव्हर्सला, डार्वेननेच लवकर बाहेर काढलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सचा नावाजलेला ड्रुइड्स संघ ४-१. इथपर्यंत बाहेरच्या कुणाला विशेष वाटलं नसेल. पण उपांत्य फेरीत मँचेस्टरच्या व्हॉली रेंज मैदानावर त्यांनी ओल्ड कार्थुजियन्सना ४-० हरवलं. हा संघ दोनच वर्षांपूर्वीचा विजेता होता. माझ्या मते या हंगामाचा खरा धक्का हाच सामना. फायनल अटीतटीची झाली, तिथे नशिबाचा भागही आला. ४-० मध्ये नशिबाला फारशी जागा नसते.

हे कसं जमलं याचं मैदानावरचं उत्तर हंटरच्या खेळात आहे. इटोनियन्स आणि त्यांच्यासारखे संघ ड्रिबलिंगवर वाढलेले. एक जण चेंडू घेऊन निघायचा, बाकीचे त्याच्या मागे घोळक्याने धावायचे, चेंडू सुटला तर उचलायला. दुसरीकडे स्कॉटलंडहून आलेला आखूड पासचा खेळ लँकेशायरमध्ये रुजत होता. ऑलिंपिकने त्यात लांब, आडव्या पासची भर घातली. एका बगलेवरून दुसऱ्या बगलेवर चेंडू फेकायचा. आमच्याकडे याला 'चेंडू फिरवणं' म्हणतात. घोळका डावीकडे ओढायचा आणि चेंडू उजवीकडे मोकळ्या माणसाकडे. समोरचा संघ प्रत्येक वेळी पूर्ण मैदान आडवं धावतो. पहिल्या तासात याचा परिणाम दिसत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात दिसतो. मी हे शेकडो वेळा डोळ्यांनी बघितलंय: साठाव्या मिनिटापर्यंत समोरचे बॅक हसत असतात आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला गुडघ्यांवर हात ठेवून उभे असतात.

पण असा खेळ खेळायचा तर आपला संघ शेवटच्या अर्ध्या तासात उभा राहिला पाहिजे. तुमचा शिबिराचा प्रश्न इथे येतो.

उपांत्य सामना १७ मार्चला झाला, फायनल ३१ मार्चला. मधल्या काळात हंटरने संघाला ब्लॅकपूलला नेलं. ब्लॅकबर्नपासून साधारण ४५ किलोमीटरवरचं समुद्रकाठचं गाव. खर्च येट्सच्या फौंड्रीतून. त्या वेळच्या वर्णनांत दिनक्रम असा येतो: सकाळी सहाला एक पेला पोर्ट वाइन आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवरून चालणं. न्याहारीला ओटची पेज आणि मासे. दुपारी मटण. संध्याकाळी पुन्हा पेज आणि दूध. रात्री प्रत्येकी अर्धा डझन कालवं. आजच्या आहारशास्त्राला हे पटणार नाही, आणि पोर्ट वाइन व कच्ची अंडी तुम्ही देऊ नका. पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. विणकराच्या घरी दिवसात दोनदा असं प्रथिनांचं जेवण कधी होत होतं? चौदा दिवस सोडा, सलग चार दिवस तरी त्याला पोटभर मटण-मासे मिळत होते का? त्या शिबिराने पोरांच्या पायात काही नवीन भरलं नसेल, पण कमी पडलेलं भरून काढलं.

आणि झोप. गिरणी पहाटे सुरू व्हायची. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी हा कायद्याने मिळवलेला हक्क होता आणि लँकेशायरचा सगळा फुटबॉल त्या अर्ध्या दिवसावर उभा राहिला. पण शनिवारी दुपारी लंडनला फायनल खेळायची तर आधीच निघावं लागणार, म्हणजे पगार बुडणार. १८८२ च्या असोसिएशनच्या नियमात खेळाडूला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांपेक्षा जास्त काही घेता येत नव्हतं. ब्लॅकपूलच्या शिबिरावरून दक्षिणेकडच्या लोकांनी नाकं मुरडली ती याचमुळे. कामगाराला इतके दिवस कामावर न जाता कसं परवडतं, हा त्यांचा सवाल होता, आणि त्याच्या आडून पैसे घेऊन खेळण्याचा संशय होता. संशय निराधार होता असं मी म्हणणार नाही. लँकेशायरमध्ये टेबलाखालून पैसे दिले जात होते हे उघड गुपित होतं. पण किनेर्डच्या संघाला तीच मोकळीक जन्मतःच मिळाली होती आणि तिचा हिशेब कुणी मागत नव्हतं, हे वाचताना मला आजही राग येतो.

फायनलचा दिवस. ओव्हलवर साधारण ८,००० लोक. इटोनियन्सची ही सलग तिसरी फायनल, आणि किनेर्डची शेवटची. वय छत्तीस. पहिला गोल इटोनियन्सचा, गुडहार्टचा. ब्लॅकबर्नहून आलेल्या लोकांना १८८२ आठवलं असणार. दुसऱ्या अर्ध्यात मॅथ्यूजने बरोबरी केली. त्यानंतर इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच, त्यामुळे इटोनियन्स दहा जणांवर आले. नव्वद मिनिटं संपली तेव्हा १-१.

डनची दुखापत मी मुद्दाम सांगतोय. ऑलिंपिकची गोष्ट सांगणारे बरेच जण ती गाळतात. दहा जणांविरुद्ध मैदान आडवं फिरवणं कितीतरी सोपं होतं. विजयात तिचा वाटा होता, आणि तो मान्य केल्याने ऑलिंपिकचा विजय लहान होत नाही. हाच डन पुढे शाळामास्तर झाला, त्याने स्वतःची शाळा काढली, आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघांसाठीचा कप आजही त्याच्या नावाने खेळला जातो.

मग अर्धा तास जादा खेळायचं ठरलं. चार वर्षांपूर्वी डार्वेनला जो अर्धा तास नाकारला गेला होता, तो ऑलिंपिकला मिळाला. आणि त्या अर्ध्या तासात सगळा फरक दिसला. इटोनियन्सचे पाय संपले होते, ऑलिंपिकचे चालत होते. जॉन येट्सने बगलेवरून चेंडू आडवा टाकला आणि कॉस्टलीने तो गोलमध्ये घातला. २-१. विणकराचा पास, सूत कातणाऱ्याचा गोल. ही ओळ मी माझ्या पोरांना दर वर्षी सांगतो.

ब्लॅकबर्नमध्ये बँड लावून मिरवणूक निघाली. कप्तान वॉरबर्टन लोकांना म्हणाला की कपाला लँकेशायरमध्ये चांगलं घर मिळेल आणि तो पुन्हा कधी लंडनला जाणार नाही. 'कधी नाही' हे खरं ठरलं नाही, पण लंडनच्या संघाला तो पुन्हा जिंकायला १९०१ उजाडावं लागलं, टॉटनहॅमच्या रूपाने. पुढची तीन वर्षं, १८८४ ते १८८६, कप ब्लॅकबर्नमध्येच राहिला, पण तो रोव्हर्सने जिंकला. माजी विद्यार्थ्यांचा कोणताही संघ त्यानंतर फायनलला पोचलाच नाही. जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने पैसे घेऊन खेळणं कायदेशीर केलं.

ऑलिंपिकचं पुढे काय झालं हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. १८८४ मध्ये ते उपांत्य फेरीत ग्लासगोच्या क्वीन्स पार्ककडून ०-४ हरले. पगारी खेळ खुला झाल्यावर त्यांना रोव्हर्सच्या तोडीचे पगार देणं जमेना. १८८८ मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली, तीत ब्लॅकबर्नमधून रोव्हर्स गेला. १८८९ मध्ये ऑलिंपिक बंद पडला. ज्या संघाने दार उघडलं, त्याला आत जागा मिळाली नाही.

आता तुमच्या संघाकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझा एक संघ फायनलला गेला. चार पोरं एमआयडीसीतल्या फौंड्रीत रात्रपाळीला होती. सामना दुपारचा. मी त्यांना आदल्या दोन दिवसांत रोज संध्याकाळी दीड तास सराव दिला, कारण मला वाटलं होतं की फायनल आहे, जास्त मेहनत घेतली पाहिजे. पोरं सकाळी सातला पाळी संपवून घरी गेली, तीन तास झोपली आणि मैदानात आली. सत्तराव्या मिनिटापर्यंत आम्ही १-० पुढे होतो. शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल खाल्ले, तिन्ही आमच्या डाव्या बगलेवरून. तिथला बॅक रात्रभर तापलेल्या भट्टीसमोर उभा होता. चूक त्या पोराची नव्हती. ब्लॅकपूलबद्दल मी तोपर्यंत दहा वेळा वाचलं होतं आणि एकदाही नीट समजून घेतलं नव्हतं.

तेव्हा शिबिराला बाहेरगावी जायची गरज नाही. तुमच्या पोरांत कोण कुठे, कोणत्या पाळीला काम करतो, याची यादी आजच करा. जी मुलं रोजंदारीवर किंवा रात्रपाळीला आहेत, त्यांच्या सामन्याआधीच्या दोन पाळ्यांची मजुरी मंडळाकडून किंवा गावातल्या एखाद्या कारखानदाराकडून मिळवा. जर्सीवर नाव छापतो म्हणा, पण पैसे पाळ्यांसाठीच मागा. आठवड्यात एकदाच जोराचा सराव ठेवा, तोही सामन्याच्या चार दिवस आधी. शेवटचे दोन दिवस फक्त चालणं, थोडं पासिंग, आणि चेंडू एका बगलेवरून दुसरीकडे कसा आणि कुणी फिरवायचा एवढीच उजळणी. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र जेवायला बसवा आणि नऊला घरी पाठवा. जेवायला काय द्यायचं हे विचाराल तर भाकरी, भात, डाळ, अंडी, जमलं तर मटण. सामन्याच्या दिवशी मात्र मटण नको.

आणि स्पर्धेच्या नियमांत जादा वेळ आहे की थेट पेनल्टी, हे आयोजकांना लिखित विचारून ठेवा. जादा वेळ असेल, तर तुमचा सगळ्यात ताजा फॉरवर्ड पहिल्या अकरात न घेता बाकावर ठेवा. कॉस्टलीच्या काळात ती सोय नव्हती, तुमच्याकडे आहे.